उद्यापनानंतरचा उन्हाळा

काल कूलरच्या वाळलेल्या ताट्या काढून नव्या खसच्या बसवून घेतल्या. पहिलं पाणी त्यांच्यावर पडलं तसा ओल्या मुळांचा वास घरभर झाला. लोकांना तो वास आला की बरं वाटतं. मी मात्र आधी आतल्या खोलीच्या दाराकडे पाहते. एकवीस वर्षं झाली, तरी कोणीतरी भिंतीला हात टेकत सावकाश तिथून बाहेर येईल असं वाटतं.

मीरा, अनिल, तुमच्याकडे मे महिना म्हणजे फुलांचा. नागपूरचा मे तुम्ही पाहिलेला नाही. तुमची आई तुम्हाला नेहमी डिसेंबरात आजोळी आणते, आणि बरोबरच करते. इथे सकाळी दहालाच रस्ते ओस पडतात. डांबर मऊ होतं, त्याला चप्पल चिकटते. बाहेर जावंच लागलं तर माणसं डोक्याला दुपट्टा गुंडाळतात आणि खिशात कांदा ठेवतात. मग सूर्य रोहिणीत गेला की नवतपा लागतो, सर्वांत कडक नऊ दिवस. त्या दिवसांत भर दुपारी पाखरूही ओरडत नाही. आणि अंगाला जे काही होईल, नाकाचा घोळणा फुटो, पोट बिघडो, भोवळ येवो, त्याला या गावात एकच उत्तर असतं: ऊन आहे.

ते उत्तर बहुतेक वेळा खरंही असतं. म्हणूनच मला त्याची भीती वाटते.

गेल्या आठवड्यात तुमच्या आईचं पत्र आलं. निळं हवाई पत्र, नेहमीसारखं गच्च भरलेलं. मीराची परीक्षा, अनिलचा गुडघा, शेजाऱ्यांचं कुत्रं. जागा संपल्यावर समासात तिने उभं एक वाक्य लिहिलं होतं. पत्र आडवं धरून चष्मा लावून वाचलं. ‘दोन वर्षं बंद होतं ते गेल्या महिन्यात परत थोडं दिसलं, दगदगीचं असेल, काळजी करू नकोस.’

हे सगळं त्या समासातल्या वाक्यासाठी लिहिते आहे. अनिल, तू मुलगा आहेस म्हणून इथून पुढचं तुझ्यासाठी नाही असं समजू नकोस. आमच्या घरातल्या पुरुषांनी तसंच समजायचं अशी पद्धत होती, आणि त्या पद्धतीने कोणाचं भलं झालेलं मी पाहिलेलं नाही.

पासष्ट सालचा उन्हाळा होता. आम्ही बर्डी बाजाराच्या मागच्या याच घरात एकत्र राहत होतो. मी अठ्ठेचाळीस वर्षांची, मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवत होते. माझ्या मोठ्या जाऊबाई, माई, चोपन्नच्या. माहेर खाप्याचं, कन्हानच्या काठचं. चौथी शिकलेल्या, पण घर त्यांच्या आवाजावर चालायचं. मी घर घड्याळावर चालवायला पाहत असे, आणि त्यावरून त्या मला टोमणे मारत. “विमल, तुझ्या घड्याळाले विचार बरं, मले भूक लागली का?”

त्या वर्षी माझं स्वतःचंही बिनसलं होतं. पाळी कधी वीस दिवसांनी, कधी दीड महिन्याने. नववीच्या वर्गात फळ्यावर लिहिता लिहिता छातीतून एक झळ उठायची आणि कानांच्या पाळ्यांपर्यंत जायची. हातातला खडू ओला व्हायचा. पौषाच्या थंडीत मी अंगावरची शाल काढून खिडकी उघडायची आणि मुली एकमेकींकडे पाहायच्या. घरी आले की एखादी वाटी जागेवर नसली तरी मला रडू यायचं. रडू वाटीसाठी नाही हे कळायचं, कशासाठी ते कळायचं नाही. बोलायला कोणी नव्हतं. फक्त माई एकदा माझ्या कपाळावरचा घाम पाहून म्हणाल्या होत्या, “तुझा नवतपा पौषातच लागला वं.” आणि हसत हसत ताकाचा पेला पुढे केला होता. तेवढ्या एका वाक्याने मला महिनाभर पुरेल इतका धीर आला. तुम्हाला हे लिहिताना समजतं की तोच धीर मी पुढे त्यांना परत दिला, आणि तो द्यायला नको होता.

उद्यापन म्हणजे काय ते आधी सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. त्या काळी बाईला महिन्यातले तीन दिवस बाजूला बसावं लागे. देवाला, पाण्याला, लोणच्याच्या बरणीला हात लावायचा नाही. त्या दिवसांत नकळत कुठे शिवलं गेलं असेल, त्याचा दोष जावा म्हणून ऋषिपंचमीचं व्रत. गणपती बसले की दुसऱ्या दिवशी आघाड्याच्या काड्यांनी दात घासायचे आणि बैलाच्या कष्टाचं काही खायचं नाही. पाळी आहे तोवर दर वर्षी हे करायचं. ती कायमची थांबली की उद्यापन करायचं, सात ऋषींच्या सात सुपाऱ्या मांडून पूजा, सात जणांना जेवण, आणि मग बाई सुटली.

माई आदल्या भाद्रपदात सुटल्या होत्या. वर्षाच्या वर काही दिसलं नव्हतं, मग खाप्याहून गुरुजी बोलावून त्यांनी थाटात उद्यापन केलं. त्यानंतर त्या घरात अशा वावरू लागल्या, जणू इतकी वर्षं भाड्याने राहत होत्या आणि आता घर त्यांच्या नावावर झालं. देव त्यांच्या हाती आले, बरण्या त्यांच्या हाती आल्या. “आता मले कोणी ऊठ म्हणणार नाही का बस म्हणणार नाही,” असं त्या येणाऱ्या-जाणाऱ्या बायकांना सांगायच्या. मी बी.ए. झालेली, या सगळ्यावर माझा विश्वास नव्हता. पण त्यांचं ते चालणं पाहून मला हेवा वाटायचा.

वैशाखातली एक सकाळ. गच्चीवर कुरडया वाळत घातल्या होत्या, आणि भागरथाबाई बाजूच्या तारेवर कपडे टाकत होत्या. इंदोऱ्याहून पायी येऊन त्या आमचं धुणं धूत. सावकाश बोलायच्या, कपडे पिळताना तर मुळीच बोलायच्या नाहीत.

“बाई, एक इचारू का जी?”

“विचारा.”

“मोठ्या बाईचं तं बंद झालं होतं न?”

मी जिन्याकडे पाहिलं. कोणी नव्हतं. “का?”

“न्हाणीच्या मागं चिंध्या वाळून राह्यल्या. परकराखाली झाकून. आजच्या नाईत, चार खेपा पाह्यलं म्या. तुमच्या नाईत, तुमच्या मले ठाऊक हायेत.” त्यांनी चादर झटकली आणि तिच्याआडून म्हणाल्या, “आमच्यात आता बाहेर बसणं नाई. बुद्धाची दीक्षा घेतली तवा सासूनंच सोडलं समदं. म्हून म्हणतो, तुमचं विटाळाचं जाऊ द्या. बंद झालेलं रगत परत येत नसते जी. आलं तं काहून आलं, हे इचारा लागते.”

हे मला लागलं, तेही लिहून ठेवते. मी शाळेतली बाई. मला भागरथाबाईंनी शिकवावं याचा राग आला. “ऊन आहे,” मी म्हणाले, आणि खाली आले.

माई दुपारी खसच्या ताट्यांवर लोट्याने पाणी मारत होत्या. तेव्हा कूलर नव्हते, दारा-खिडक्यांना ताट्या लावायच्या आणि अर्ध्या अर्ध्या तासाने त्या ओल्या करायच्या. खोलीत हिरवट अंधार होता. मी सरळ विचारलं, “माई, परत सुरू झालं का?”

पाणी मारणारा हात थांबला नाही. “कोण बोललं?”

“मला दिसलं.”

“उष्णता झाली अंगात. सब्जा घेऊन राहिली मी.”

“केव्हापासून?”

“पाडव्याच्या आधीपासून. येते, जाते.” मग लोटा खाली ठेवून त्या ओल्या जमिनीवरच बसल्या. मी त्यांना इतकं हळू बोलताना ऐकलं नव्हतं. “विमल, कोणापाशी बोलू नको. उद्यापन झालं माझं. सात जण जेवून गेले. आता कोणत्या तोंडानं सांगू? देवाले शिवली मी, बरण्यांले शिवली. सारं बाटवलं म्हणतील.” मग लहान मुलीसारखं: “तुझ्या त्या इंग्रजी पुस्तकात पाह्य बरं, काय लिहिलं आहे.”

ते पुस्तक माझ्या वडिलांनी मला लग्नात दिलेलं. जाड, काळ्या कापडी पुठ्ठ्याचं, घरगुती वैद्यकाचं. मी आजवर कुठल्याही पुस्तकाच्या पानाचा कोपरा दुमडलेला नाही. त्यात खूण म्हणून रेशमी फीत होती, आणि ती फीत आधीपासूनच त्या प्रकरणात होती, कारण माझ्यासाठी मी ते पान चारदा वाचलं होतं. आताही तेच पान उघडलं. या वयात पाळी अनियमित होते, कधी लांबते, कधी लवकर येते, हे नैसर्गिक आहे, घाबरण्याचं कारण नाही, असं त्यात स्पष्ट लिहिलेलं होतं. पानाच्या तळाशी परिच्छेद संपत होता. मला हवं ते मिळालं होतं. मी मराठीत अर्थ सांगितला आणि पुस्तक मिटलं.

“छापलं आहे न तसं?” माईंनी विचारलं.

“छापलं आहे.”

“मंग झालं.” त्या दिवशी त्या दोन पोळ्या जास्त जेवल्या.

पुढचे सहा-सात आठवडे आम्ही जावा जितक्या जवळ होतो तितक्या तीस वर्षांत कधी नव्हतो. माझं एक जुनं मऊ पातळ मीच फाडून त्यांना दिलं. त्या न्हाणीत असल्या की मी बाहेर उगाच काहीतरी निवडत बसायची, कोणी येऊ नये म्हणून. आम्हाला आमचं एक गुपित होतं, आणि आम्ही कधी कधी त्यावर हसायचोही. “म्हातारपणी तरणी करून राहिला देव मले,” त्या म्हणायच्या. ते हसणं मला आजही ऐकू येतं, आणि ते ऐकू आलं की मी उठून नळ तरी सोडते किंवा रेडिओ तरी लावते.

नवतप्याच्या तिसऱ्या दिवशी माईंनी लोणच्याची बरणी उघडली आणि तशीच उभी राहिल्या. वर पांढरी बुरशी धरली होती. मीठ कमी पडलं होतं, दुसरं काही नव्हतं. मी तसं म्हटलंही. भर उन्हात सगळं लोणचं त्यांनी मागच्या लिंबाच्या झाडाखाली पुरलं, बरणी राखेने तीनदा घासली आणि त्या दिवसापासून देवघरात पाऊल ठेवलं नाही. घरात कारण सांगितलं, गुडघे दुखतात. त्यांचा चेहरा तेव्हाच उतरला होता. ओठांचा रंग गेला होता, जिना चढताना दोनदा थांबायच्या. हे मी पाहत होते आणि उन्हाच्या नावावर टाकत होते. त्या भलत्याच गोष्टीला भीत होत्या, आणि मी कशालाच भीत नव्हते.

“नेलं का जी दवाखान्यात?” भागरथाबाईंनी पुन्हा विचारलं.

“पुस्तकात पाहिलंय मी. असं होत असतं.”

त्यांनी पिळलेलं लुगडं खांद्यावर टाकलं. “पुस्तकानं हात लावून पाह्यला का बाईच्या पोटाले?”



मग मृग गेला, पाऊस लागला, पंधरा दिवस लागून राहिला. ताट्या उतरवून मागच्या छपरीत टाकल्या. हवा गार झाली, लोकांची डोकी दुखायची थांबली. ऊन गेलं होतं. रक्त गेलं नव्हतं. आषाढातल्या एका सकाळी माई पिठाच्या डब्याजवळ कोसळल्या, आणि तेव्हा आमच्या दोघींजवळ सांगायला कोणतंही कारण उरलं नाही.

सायकलरिक्षाने मी त्यांना धंतोलीत एका लेडी डॉक्टरकडे घेऊन गेले. बाहेरच्या बाकांवर बायका बसल्या होत्या, वर्ध्याच्या, कन्हानच्या, काटोलकडच्या खेड्यांतल्या. ओले पदर, मांडीवर पिशव्या. कोणी मोठ्याने बोलत नव्हतं. शेजारच्या बाईने माईंना विचारलं, “तुमाले केव्हापासून?” आणि उत्तराची वाट न पाहता स्वतःच सांगितलं, “म्या दोन वर्सं अंगावर काढलं.” पलीकडची म्हणाली, “म्या तं पोरीचं लगन होऊ देलं आधी.” एकीमागून एक, जणू हजेरी चालली होती. मी वर्गात हजेरी घेत असे ना, तशी. प्रत्येकीचं कारण वेगळं होतं, आणि सगळ्या येऊन पोचल्या होत्या त्याच एका बाकावर.

डॉक्टरीणबाईंनी तपासलं. मग कागद पुढे ओढून विचारलं, “पाळी बंद होऊन किती दिवस झाले होते?”

“दीड वर्ष,” माई म्हणाल्या.

“आणि परत दिसलं कधी?”

“पाडव्याच्या आधी.”

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, माझ्या चष्म्याकडे, खांद्यावरच्या शाळेच्या पिशवीकडे. “तुम्ही शिकलेल्या दिसता. तुम्हाला माहीत नव्हतं?”

मी तोंड उघडण्याआधी माई बोलल्या. “हिले काहीच माहीत नव्हतं जी. मी लपवलं सर्वांपासून.”

आणि मी गप्प राहिले. त्यांनी मला वाचवलं, आणि मी त्यांना तसं करू दिलं. हे मी आजपर्यंत कोणाला सांगितलेलं नाही, तुमच्या आईलाही नाही.

त्या संध्याकाळी दिवे लागायच्या वेळी मी ते पुस्तक काढलं. फीत जिथे होती तिथे उघडलं आणि पान उलटलं. मागच्या बाजूला, अगदी वरच्याच ओळीपासून, लिहिलेलं होतं की पाळी वर्षभर पूर्ण थांबल्यानंतर पुन्हा रक्त दिसलं, एक थेंब दिसला, तरी ती अनियमित पाळी समजू नये, उशीर न करता तपासून घ्यावं, कारण ते गर्भाशयाच्या कर्करोगाचं पहिलं चिन्ह असू शकतं. मी चारदा वाचलेलं पान होतं ते. चारही वेळा मी माझ्यापुरतं वाचून मिटलं होतं. पाचव्यांदा माईंसाठी उघडलं, तेव्हाही माझंच उत्तर त्यांना वाचून दाखवलं.

माईंना कर्करोगच निघाला. किरणांचे शेक द्यायला त्यांना नेत होतो. माई भरल्या अंगाच्या होत्या, त्या वाळत गेल्या. भाद्रपद आला, ऋषिपंचमी आली. भागरथाबाईंनी रस्त्याच्या कडेचा आघाडा तोडून आणला, न सांगता, आणि पायरीवर ठेवला. ज्या व्रताशी त्यांचा काही संबंध उरला नव्हता त्याची काडी त्यांनी आणली. माईंनी ती हातात घेतली, वास घेतला, उशाशी ठेवली. मग माझ्याकडे न पाहता विचारलं, “परत करावं लागंल का वं उद्यापन?”

मला त्यांना खरं सांगायचं होतं. की रक्ताला विटाळ नव्हता, आजार होता. की देव, बरण्या, सात जणांचं जेवण, कशालाच काही झालं नव्हतं. झालं ते फक्त त्यांना झालं, आणि वेळेवर कळवणारं पान माझ्या हातात होतं. मी म्हणाले, “नाही माई. ते पूर्ण झालंय.” त्यांनी डोळे मिटले. पुढचा पाडवा त्यांनी पाहिला नाही.

माझी पाळी त्यानंतर वर्षाने थांबली. उद्यापन मी केलं नाही. दर वर्षी एकदा धंतोलीत जाऊन तपासून येत राहिले, कोणाला न सांगता आणि कोणापासून न लपवता. आता तिथे दवाखान्याला दवाखाना लागून झाला आहे. बाक तसेच भरलेले असतात. डॉक्टर सांगतात की बंद झाल्यावर परत दिसलं तरी बहुतेक बायकांच्या बाबतीत गंभीर काही निघत नाही. आतलं अस्तर पातळ झालेलं असतं, एखादी गाठ साधी असते. हेही मी तुम्हाला सांगते, कारण अर्धं सांगायचं नाही असं मी ठरवलं आहे. बहुतेक. पण ते तपासल्यावर कळतं. समासात लिहून कळत नाही.

रविवारी ट्रंक कॉल लावला होता. तुमच्या आईचा आवाज समुद्राखालून आल्यासारखा येतो, आणि आपलाच शब्द मागून परत ऐकू येतो. “दाखवलंस का?” मी विचारलं. ती हसली. “आई, ऑफिसात इतकं काम आहे ना. सुट्टी मिळाली की दाखवते. दगदग आहे गं, दुसरं काही नाही.” दुसरं काही नाही, असं मला माझ्याच आवाजात परत ऐकू आलं. तिकडे ऊन नाही म्हणून दगदग आहे. तीन मिनिटं संपली.

म्हणून तुम्हाला लिहिते आहे. तिने तुम्हाला रविवारी रविवारी मराठी वाचायला शिकवलं, तेव्हा तिला वाटलं असेल की गोष्टी वाचाल, आजीची पत्रं वाचाल. ही आजीची गोष्ट आहे. मीरा, तू तिच्यासाठी डॉक्टरची वेळ ठरव, तिला विचारू नकोस. अनिल, तू गाडी चालव. ती हसेल, रागावेल, लाजेल. एखादं कारण सांगेल आणि ते अगदी पटण्यासारखं असेल. आमचीही पटण्यासारखीच होती.

या पत्राबरोबर एक पान घडी करून ठेवलं आहे. काळ्या पुस्तकातलं आहे. पट्टी धरून फाडायला गेले, पण कागद जुना, कड वाकडीच आली. पोस्टातले म्हणाले, पोचायला बारा दिवस लागतील. म्हणजे नवतपा लागायच्या सुमाराला. आईला समोर बसवून वाचा. ती म्हणेल, हे मला माहीत आहे, आणि पहिल्या बाजूवर बोट ठेवेल, कारण पहिल्या बाजूवर धीराचं लिहिलेलं आहे.

तुम्ही मागची बाजू आधी वाचा.